बिननावाची चिठ्ठी

डॉक्टरसाहेब,

काल तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर बुधवारा पेठेतली मंडळी तुमच्या बैठकीत टेकली आणि म्हणाली, नारायणराव, तुम्ही त्यांचे सर्वांत जवळचे विद्यार्थी, दोन शब्द बोला. मी बोललो. गुरू, ऋण, उपकार असले चार-सहा मोठे शब्द वापरले, आणि बोलताना माझे डोळे समोरच्यांच्या तोंडांवरून फिरत होते. यांच्यातल्या कोणाला ठाऊक आहे का? कोणी गालातल्या गालात हसतंय का? तुमचे म्हातारे कंपाउंडर माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांना मोतीबिंदू आहे, ते सगळ्यांकडेच तसं पाहतात, हे ठाऊक असूनही मी मध्येच थांबून पाणी प्यायलो.

तर जे काल बोललो नाही ते आज लिहितो. मी मेडिकल स्कूलच्या शेवटच्या वर्षाला असताना तुमच्याविरुद्ध एक चिठ्ठी लिहिली गेली आणि दोन महिन्यांत तुम्ही शाळा सोडलीत. ती चिठ्ठी माझी होती. हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, या एका प्रश्नापायी मी वीस वर्षं तुमच्या घरचा चहा बशीत ओतून, तुमच्या तोंडाकडे बघत प्यायलो आहे. तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत.

त्या मेडिकल स्कूलचं नाव इथे लिहीत नाही. तिथले काही लोक अजून हयात आहेत, आणि कागद कुठे जाईल याचा भरवसा नसतो. हे वाचून तुम्ही म्हणाला असतात, ‘नारायण, संशय डॉक्टरला शोभतो, पण तो तपासून बघावा लागतो. नुसता बाळगला तर तोच आजार होतो.’ तुम्ही हे वॉर्डात म्हणाला होतात, तेव्हाही मला वाटलं होतं की रोख माझ्याकडे आहे.

आम्ही पोरं मास्तरांची पारख कशी करायचो, ते आता आठवलं की लाज वाटते. औषधं शिकवणारे ते दुसरे मास्तर आठवतात ना? करकरीत कोट, खिशात साखळीचं घड्याळ. ते डिक्टेशन द्यायचे. स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, सगळं सांगायचे, आणि घंटेच्या ठोक्याला शेवटचं वाक्य संपवायचे. वही भरली की शिकलो, असा आमचा हिशेब. त्यांच्या तासाला पेन्सिल खाली ठेवायची सोय नव्हती, म्हणजे ते थोर. त्यांच्या त्या भरलेल्या वह्या मी गावी, बऱ्हाणपूरला, येताना ट्रंकेत घालून आणल्या आणि त्यांतलं एक पानही मला आज आठवत नाही.

तुम्ही मात्र वह्या मिटायला लावायचात. वॉर्डात न्यायचात, खाटेशी उभं करायचात आणि विचारायचात, ‘पेशंट काय म्हणतो?’

पोरगा ऐटीत सांगायचा, ‘सर, ॲब्डॉमिनल पेन.’

‘हे तुम्ही म्हणता. तो काय म्हणतो?’

मग त्या माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि त्याखाली आपलं इंग्रजी. एखाद्याने अवघड प्रश्न विचारला तर तुम्ही सरळ म्हणायचात, ‘मला ठाऊक नाही, चला बघू.’ आम्ही एकमेकांकडे बघायचो. ज्याला ठाऊक नाही तो मास्तर कसला? मला तर दाट शंका होती की खऱ्या नोट्स तुम्ही घरी ठेवता आणि लाडक्या पोरांना रविवारी देता. वर्धेकडचा एक पोरगा दर रविवारी तुमच्या गल्लीत जायचा. मी दोन रविवार त्याच्या मागे गेलो. त्याची मावशी तुमच्या शेजारी राहायची आणि तो तिच्याकडून लोणचं आणायला जायचा. तरी माझं समाधान झालं नाही. एवढं लोणचं एका माणसाला लागतं कशाला, असं मला वाटत राहिलं.

आणि मग ती म्हातारी. खानदेशातून लेकाकडे आलेली, आणि तिथून आपल्या वॉर्डात. पोट धरून कुशीवर पडली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा ती म्हणाली, ‘मना पोटमा गोया फिरस रे बेटा.’ पोरं फिसकन हसली. तुम्ही आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवलीत. ‘कोणाला कळलं?’

मला कळलं होतं. पोटात गोळा फिरतो, एवढंच ती म्हणत होती. माझी आई असंच बोलायची, आमची सगळी गल्ली असंच बोलायची. पण मी चार वर्षं झटून ती बोली जिभेवरून खरवडून काढली होती. नागपूरची, जबलपूरची पोरं ‘बऱ्हाणपुरी’ म्हणून चिडवायची ती नुकती कुठे थांबली होती. मी खाली मान घातली. तुमची नजर माझ्यावर किंचित जास्त थांबली असं मला वाटलं. मग तुम्ही तिच्या खाटेवर बसलात आणि म्हणालात, ‘कितला दिन व्हयनात, माय?’

ती उठूनच बसली. तुमचा हात धरून भडाभडा बोलायला लागली. आमच्या शाळेचा मास्तर, सरकारी हुद्द्याचा माणूस, माझ्या आईच्या बोलीत बोलत होता आणि सगळी पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मला तुमचा राग आला. तुम्ही हे मुद्दाम केलंत, मला उघडं पाडायला केलंत, अशी माझी खात्री झाली. सुतावरून स्वर्ग गाठण्यात मी तेव्हाही पटाईत होतो.

त्याच हिवाळ्यात नवा सुपरिंटेंडेंट साहेब आला. त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. त्याने शेवटच्या वर्षाच्या पोरांना बोलावून सांगितलं की प्रत्येक मास्तर कसा शिकवतो ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, आणि हत्यारं उकळायचा जो पांढरा ट्रे दाराशी ठेवलाय त्यात टाका. आम्ही गार झालो. मास्तरांनी पोरांना मार्क द्यायचे हे आम्हाला ठाऊक. पोरांनी मास्तरांना द्यायचे, हे कोणी ऐकलं होतं? दुपारी मेसमध्ये मसलत बसली. कोणी म्हणालं, हा सापळा आहे. कोणी म्हणालं, अक्षरावरून पकडतील आणि तोंडी परीक्षेत उलटं टांगतील. एक पोरगा म्हणाला, ‘अरे भाई, दाल में कुछ काला है. सब एकही लाइन लिखो.’ ठरलं. सगळ्यांनी इंग्रजीत एकच ओळ लिहायची, की आमचे सर्व शिक्षक उत्तम शिकवतात. आम्ही ताटावर हात ठेवून शपथ घेतली.

शपथ मीही घेतली. पण खोलीवर गेल्यावर मनात पाल चुकचुकली. हे सगळे इथे एक बोलतात आणि कागदावर दुसरंच लिहिणार. आपणच कशाला भोळे राहायचं? मी कागद घेतला, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापील अक्षरं काढली, आणि तुमच्याबद्दल जे मनात होतं ते लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं: ‘हे गृहस्थ बाजारातल्या भाषेत शिकवतात. प्रश्न विचारला तर ठाऊक नाही म्हणतात. यांच्या हाताखाली शिकून आम्ही डॉक्टर होणार नाही, कंपाउंडर होऊ.’ खरं लिहिल्याचा मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला होता!

दोन महिन्यांनी तुमच्या तासाला दुसरेच गृहस्थ आले. तुम्ही गेलात एवढंच कळलं. कोणी म्हणालं प्रकृती, कोणी म्हणालं बदली नाकारली. मला कारण विचारायची गरज नव्हती.

पास होऊन मी गावी आलो आणि लालबाग भागात स्टेशनाच्या रस्त्यावर पाटी लावली. आठ दिवसांत एक टांगा दारात थांबला आणि त्यातून तुम्ही उतरलात. हातात केळ्यांची एक फणी. तुम्ही इथे कसे? तुमची सासुरवाडी इथली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तुम्ही म्हणालात, ‘आलात? बरं झालं. मी बुधवाऱ्यात बसतो, पण तिकडे गर्दी फार. थोडी इकडे पाठवत जाईन.’ तोवर मला ‘अरे नारायण’ म्हणणारे तुम्ही एकदम ‘अहो’वर आला होतात. डॉक्टर झालो म्हणून मान देता, की परकं केलंत म्हणून? ती केळी मी दोन दिवस खाल्ली नाहीत. हसू नका.

आणि तुम्ही खरंच पेशंट पाठवायला लागलात. मी प्रत्येकाकडे संशयाने बघायचो. हा बरा न होणारा दिसतो, माझ्या गळ्यात मारलाय. ही बाई कटकटी आहे, माझं नाव खराब करायला धाडली आहे. देडतलाई गावच्या एका शेतकऱ्याची बायको अशीच तुमच्याकडून आलेली. दोन दिवस बैलगाडीत काढून आली होती. पोट दुखतं म्हणाली. मी कागदावर ‘ॲब्डॉमिनल पेन’ लिहिलं, मिक्श्चर दिलं आणि रुबाबात सांगितलं, आठ दिवस उपास करा, पोटाला आराम द्या. ती गावातच मुक्कामाला राहिली. सहाव्याच दिवशी नवरा धावत आला. तिला काळी उलटी झाली होती.

‘साब, तुम्हीच सांगेल व्हतं ना, उपास करा म्हनीसन. खावानं सोडी दिधं तिनी,’ तो म्हणाला. तो रागावला नव्हता, फक्त विचारत होता, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

मी तुमच्याकडे धाव घेतली. आता सूड घ्यायची वेळ तुमची, असं टांग्यात बसल्या बसल्या मनात येऊन गेलं. तुम्ही आलात, तिच्याशेजारी बसलात आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, ‘ती काय म्हणाली होती?’

‘पोट दुखतं.’

‘हे तुम्ही म्हणता.’

मग तुम्ही तिलाच विचारलंत. ती पुटपुटली, ‘भूक लागनी का दुखस, दोन घास खादात का थांबस.’ हे तिने मलाही सांगितलं असणार. खाल्लं की थांबणारं दुखणं. पोटाच्या आतल्या व्रणाची सगळी हकीकत तिने त्या एका वाक्यात सांगितली होती, आणि मी तिला उपाशी ठेवलं होतं. तुम्ही दर दोन तासांनी घोट घोट दूध सुरू केलंत. पाच दिवस तुम्ही रोज बुधवाऱ्याहून लालबागेला आलात. बाई वाचली. तिच्या नवऱ्याला तुम्ही सांगितलंत की या डॉक्टरांनी मला वेळेवर बोलावलं म्हणून निभावलं. मी शेजारी उभा होतो. त्या दिवसापासून मी वही केली, पेशंटच्या तोंडच्या शब्दांची. आज अशा अकरा वह्या आहेत, आणि त्या मला पाठ आहेत.

तरी संशय गेला नाही. उलट वाढला. एवढं चांगलं कोणी उगाच वागतं का? एकदा तर मी तुमची परीक्षाच घेतली. औषधाच्या बाटलीवर त्याच जुन्या छापील अक्षरांत लेबल लिहिलं, बाटली तुमच्या टेबलावर ठेवली आणि तुमचं तोंड न्याहाळत बसलो. तुम्ही चष्मा वर केलात, वाचलंत आणि म्हणालात, ‘अक्षर झकास आहे. कंपाउंडर ठेवलात की काय?’

कंपाउंडर! नेमका तोच शब्द. की औषधाच्या बाटलीवरचं लेबल बघून कोणीही तोच शब्द बोलला असता? खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. पुढचे पंधरा दिवस मी तुमच्याकडे फिरकलो नाही, आणि मग तुम्हीच निरोप धाडलात की काकूंनी वांग्याचं भरीत केलंय.

आपला तो वाद अर्धाच राहिला, डॉक्टरसाहेब. तुमच्या बैठकीत तुम्ही एकदा अचानक म्हणालात की विद्यार्थ्यांनी गुरूचं मोल करू नये असं लोक म्हणतात, मला मात्र वाटतं करावं. मी हिरिरीने उलट बाजू घेतली. पोरांना काय कळतं? पोरांना डिक्टेशन आवडतं, कोट आवडतो, घंटेला संपणारा तास आवडतो. असल्या पोरांच्या शब्दावर माणसाची नोकरी टांगायची? मी बोलत होतो आणि स्वतःलाच फटके मारत होतो.

तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘साहेब वर्षातून एकदा दारातून डोकावतो. पेशंट तापात असतो. रोज समोर बसतात ती पोरंच ना? त्यांना नाही विचारायचं तर कोणाला?’

‘पण ती चुकतात!’

‘चुकतात तर. म्हणून एकदा विचारून भागत नाही. दहा वर्षांनी पुन्हा विचारावं.’

‘दहा वर्षांनी मास्तर कुठे सापडतो?’

तुम्ही हसलात. तेवढ्यात कोणीतरी तापाने फणफणलेलं मूल घेऊन आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. पुढे मी तो विषय कधी निघू दिला नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही मला बोलावलंत आणि म्हणालात, तपासा. मी नळी काढली तर हात धरलात. ‘आधी लिहा. आडवं झालं की छाती भरून येते. दिवाळीत दोन उशा लागायच्या, आता चार लागतात.’ मी लिहिलं. मग पाय दाबून पाहिले, छाती ऐकली, आणि हृदय थकलंय हे तुम्हाला तुमच्याच तोंडावर सांगितलं. असं तोंडावर सांगणंही तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही मान हलवलीत. ‘बरोबर. किती दिवस?’ मी तेही सांगितलं. तुम्हाला माझा अभिमान वाटला असं मला दिसलं. त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं, ‘सर, एक चिठ्ठी...’ आणि तुम्ही एकदम काकूंना हाक मारलीत, पाणी मागितलंत. तहान लागली होती की मला थांबवलंत? हेही विचारायचं राहिलं.

इथवर काल लिहून मी कागदाची घडी घातली होती. आज सकाळी काकूंनी बोलावलं. तुमची वैद्यकाची पुस्तकं मला द्यायची होती. पाहुणे गेल्याने घर रिकामं झालं होतं. त्या पुस्तकं पुसत होत्या, आणि मी वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारला.

‘काकू, डॉक्टरांनी शाळा का सोडली?’

‘चिठ्ठ्यांपायी,’ त्या म्हणाल्या. ‘साहेबाने सगळ्या चिठ्ठ्या यांच्यापुढे ठेवल्या. वर म्हणाला, पोरं तुमच्यावर खूश आहेत, तुम्हीच राहा. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणे, सगळ्या पोरांनी एकच ओळ लिहिली. अक्षर तेवढं वेगळं. समोरचा काय म्हणतो ते ऐका, असं चार वर्षं शिकवलं, आणि त्यांना स्वतःला काय वाटतं तेवढंही लिहिता येत नाही. मग मी शिकवलं काय?’

‘सगळ्यांनी एकच?’

‘एक सोडून. एकाने दणकून लिहिलं होतं. ती चिठ्ठी मला वाचून दाखवली. मला राग आला, तर हे हसले. म्हणे, चुकीचं लिहिलंय, पण स्वतःचं लिहिलंय. याला फक्त अजून कळलं नाही.’

‘कोणी लिहिलं ते... ठाऊक होतं?’

काकूंनी पुस्तकावरची धूळ फुंकली. ‘नाव मी कधी विचारलं नाही. पण हे म्हणाले होते, आईच्या बोलीची एवढी लाज वाटणारा आमच्या वर्गात एकच आहे.’

अक्षर मी लपवलं होतं, डॉक्टरसाहेब. शब्द लपवायला विसरलो. पेशंटच्या शब्दांवरून दुखणं कुठे आहे ते ओळखायचं, हा तुमचा पहिला धडा, आणि तुम्ही तो माझ्यावरच चालवलात.

मी पुस्तकांची थप्पी उचलली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ‘काकू, आता तुम्ही इथेच राहाल ना? माहेरचं गाव आहे.’

‘कोणाचं माहेर?’ त्या म्हणाल्या. ‘मी धुळ्याची. हेही धुळ्याचे. घर, शेत, दोन दीर, सगळं तिकडेच.’

‘मग बऱ्हाणपूरला कसे आलात? इथे तुमचं कोण होतं?’

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मोतीबिंदू नाही त्यांना.

‘कोण असणार, डाक्टर?’ त्या म्हणाल्या. ‘पास झालात की तुम्ही इथेच पाटी लावणार, एवढं यांना ठाऊक होतं.’

वीस वर्षं मी तुमच्यावर नाही नाही ते संशय घेतले, आणि हा एवढा एक घ्यायचा राहून गेला.